पावसाचा जाणकार

माझे अंदाज चुकत नाहीत. चुकतो तो पाऊस. मावळातल्या लोहगडाला जायच्या आदल्या रात्री मी मोबाइलवर हवामानाची सगळी अ‍ॅप उघडतो. एक म्हणतं मुसळधार, दुसरं मध्यम, तिसरं तुरळक. तिसरं मला शास्त्रशुद्ध वाटतं. घरात कुणी छत्रीचं नाव काढलं तर तो अपशकुनी.

खरा जीव मात्र पंचांगातल्या पाऊस-नक्षत्रांच्या वाहनांवर. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं. बाकी तीन उरली की बेडूक, सात की म्हैस, शून्य की हत्ती. मोसमी वाऱ्यांची अख्खी भानगड एका भागाकारात! बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा म्हणजे शेतकऱ्याच्या कपाळावर आठी. घोडा आला की पाऊस डोंगरावर. हा घोडा माझा लाडका, कारण आमच्या डोंगराळ मावळात तो खोटा पडायची सोयच नाही. वाहन गाढव असलं की घरचे माझ्याकडे का बघतात, ते मात्र कळत नाही.

हवामान खात्याचं कार्यालय 1928 साली शिमल्याहून पुण्यात आलं; त्या भागाला आम्ही अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतो. खात्याचा हुकलेला अंदाज आम्ही वर्षानुवर्षं चघळतो, बरोबर आलेला संध्याकाळी विसरतो. स्वतःच्या अंदाजांचा हिशोब नेमका उलटा.

लोहगडवाडीत भाकरी-पिठल्याच्या टपरीवर मी विचारतो, “मावशी, पाऊस थांबेल ना?”

“थांबंल की.” गिऱ्हाईकाला कशाला दुखवा!

पण भाकरीचं पीठ काढताना मावशी आभाळाकडे बघत नाहीत. मागच्या रविवारी किती भाकऱ्या उरल्या, ते आठवतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली हेच मांडलं: आपल्या बेतात रमू नका, तसल्या बेतांचं आजवर काय झालं ते बघा. कानेमनना 2002 साली नोबेल मिळालं. मावशींना माझ्याकडून सुटे पैसेसुद्धा मिळत नाहीत.

चेष्टा पुरे. 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्या दिवशी आम्ही सगळे हळहळलो. पुढच्याच रविवारी ‘आपण जपून जाऊ’ म्हणत पुन्हा घाटाला गाड्यांची रांग. या ‘आपल्याला काही होत नाही’ची मला मनापासून चीड येते. त्यापायी बंदीचे आदेश निघतात, आणि टपरीवरच्या भाकऱ्या पडून राहतात.

लोहगड बघायला जरूर या. 2025 पासून तो जागतिक वारसा आहे. फक्त पायऱ्या चढण्याआधी वाडीत कुणालाही विचारा, मागच्या पावसात याच वेळेला पाणी कुठवर आलं होतं. आणि सांगतील ते ऐका.