म्युरिएलचं लग्न, ऱ्होंडाचा मांडव

म्युरिएल हेस्लॉप ही सिनेमाची नायिका. तिची सुरुवातीची कर्तबगारी अशी: मैत्रिणीच्या लग्नात नवरीने फेकलेला फुलांचा गुच्छ झेलणे, अंगावरचा बिबट्याछाप ड्रेस दुकानातून चोरलेला निघाल्यामुळे त्याच लग्नातून पोलिसांसोबत घरी येणे, चार मैत्रिणींकडून ‘तू आमच्या घोळक्यात शोभत नाहीस’ हे ऐकून भर बारमध्ये भोकाड पसरणे. उरलेला वेळ खोलीत बसून ‘ॲबा’ची गाणी. पुढे आई विश्वासाने कोरा चेक देते, धंद्याचं सामान घ्यायला. म्युरिएल त्यावर भरघोस आकडा घालते आणि ज्या मैत्रिणींनी हाकललं त्यांच्याच मागोमाग एका बेटावर सुट्टीला जाते.

मराठी घरात या मुलीचं पुढे कठीण आहे, असं म्हणून आत्याबाईंनी विषय संपवला असता. ऑस्ट्रेलियाने तिच्यावर सिनेमा काढला.

‘म्युरिएल्स वेडिंग’ 1994चा. लेखक-दिग्दर्शक पी. जे. होगन, निर्मात्यांमध्ये त्याची बायको जोसेलिन मूरहाउस, म्हणजे खर्चाचा हिशेब घरातच. पॉरपॉइज स्पिट हे समुद्रकाठचं सुट्टीचं गाव काल्पनिक. चित्रीकरण झालं ते बरंचसं ट्वीड हेड्स आणि कूलंगाटा या चिकटलेल्या गावांत. एक न्यू साउथ वेल्समध्ये, दुसरं क्वीन्सलंडमध्ये. उन्हाळ्यात न्यू साउथ वेल्स घड्याळ तासभर पुढे करतं, क्वीन्सलंड करत नाही. त्यामुळे 31 डिसेंबरला रस्ता ओलांडला की नवं वर्ष पुन्हा एकदा साजरं करता येतं. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला आयुष्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करावंसं वाटलं, तर त्यात नवल काय?

म्युरिएल झालेली टोनी कोलेट तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होती. भूमिकेसाठी तिने सात आठवड्यांत सुमारे 18 किलो वजन वाढवलं. लग्नाच्या तारखेआधी चपाती मोजून खाणाऱ्या तमाम नवऱ्यामुलींनी हा आकडा पुन्हा वाचावा. लग्नाच्या सिनेमासाठी कुणी उलट्या दिशेने घाम गाळल्याचं उदाहरण विरळाच. कोलेट उत्तमच आहे. तोंड वेडंवाकडं करून हसते, खोटं बोलताना डोळे असे चमकतात की थाप पचावी अशी आपलीच इच्छा होते. पण म्युरिएल सतत काहीतरी मागत असते, लग्न, मैत्री, कौतुक, आणि सतत मागणाऱ्या माणसाकडे दोन तास बघणं प्रेक्षकाला जड जातं.

तेवढ्यात त्या बेटावर ऱ्होंडा येते.

ऱ्होंडा एपिनस्टॉक. म्युरिएलची जुनी शाळासोबतीण, ओठात सिगरेट, चेहऱ्यावर ‘मला कुणाच्या बापाची भीती नाही’ असा भाव. रेचल ग्रिफिथ्सचा हा पहिलाच सिनेमा. बघताना मात्र वाटतं, बाकीचेच नवखे आहेत. म्युरिएल तिला बेधडक सांगते की आपलं लग्न ठरलंय. ऱ्होंडा विश्वास ठेवते आणि मग त्या चौकडीच्या टेबलाशी जाऊन, अगदी हसतमुखाने, नव्या नवरीला कळवते की तुझ्या नवऱ्याचं तुझ्याच मैत्रिणीशी जुळलंय, आणि हे म्युरिएलने तुझ्या लग्नाच्याच दिवशी पाहिलंय. आपल्याकडे अशी बातमी निदान चार कार्यांतून फिरत, तोंडाला पदर लावून पोचते. ऱ्होंडाला तेवढा वेळ नसतो. लगेच पुढे दोघी पांढरे झगमगीत कपडे घालून ‘ॲबा’च्या ‘वॉटर्लू’वर नाचतात आणि खाली प्रेक्षकांत नवरी-करवलीची झिंज्या उपटून हाणामारी चालते. सिनेमा तिथून ऱ्होंडाचा होतो. नाव म्युरिएलचं, लग्न म्युरिएलचं, मांडव मात्र हिने जिंकलेला.

वयात येण्याच्या गोष्टींना नायकावर मात करणारा असा एक माणूस लागतोच. ‘बालक-पालक’मध्ये तो विशू होता. 2013च्या जानेवारीत रवी जाधवांच्या त्या सिनेमाने प्रथमेश परबला पडद्यावर आणलं, आणि बाकीची मुलं प्रश्न विचारत असताना सगळी उत्तरं आधीच ठाऊक असलेला हा पोरगा भाव खाऊन गेला. वर्षभरात ‘टाइमपास’ आला तेव्हा त्याला थेट नायकच करून टाकलं. त्याच 2013 साली अमेरिकेत ‘द वे, वे बॅक’ आला. चौदा वर्षांचा बुजरा डंकन उन्हाळ्यात समुद्रकाठी अडकलाय, आईचा मित्र त्याला दहापैकी तीन गुण देतो, आणि वॉटर पार्क चालवणारा ओवेन त्याला वर काढतो. सॅम रॉकवेलने ओवेन असा केलाय की तो पडद्यावर नसला की घड्याळाकडे लक्ष जातं. आणि डंकनची ती हतबल आई? टोनी कोलेट. एकोणीस वर्षांनीही तिच्या सिनेमात बाजी दुसऱ्याच कुणीतरी मारावी, याला योगायोग म्हणायचं की मोठं मन, ते ज्याने त्याने ठरवावं.

(योगायोगांचा विषय निघालाच आहे तर बिल हंटर. म्युरिएलचा नगरसेवक बाप तोच. ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’मध्ये तोच, 1994च्याच ‘प्रिसिला’मध्येही तोच. त्या काळी त्याला न घेता सिनेमा काढायला ऑस्ट्रेलियात वेगळा परवाना लागत असावा.)

ओवेनमध्ये आणि ऱ्होंडामध्ये एक फरक आहे, आणि ऑस्ट्रेलियन सिनेमा तिथे भाव खातो. ओवेन डंकनला शहाणं करतो आणि पार्कमध्येच राहतो. उन्हाळा संपल्यावर त्याचं काय झालं, हे विचारायला कुणी थांबत नाही. होगन थांबतो. पुढे सिडनीला राहायला गेलेल्या दोघींच्या फ्लॅटवर बीन बॅग फुटते, आतले दाणे घरभर उडतात, अमेरिकन खलाशी गोंधळतात, थिएटर हसत असतं. आणि हसता हसता ऱ्होंडा कोसळते, तिला पाय जाणवत नाहीत. मणक्यात कॅन्सरची गाठ. आता आधार द्यायची पाळी म्युरिएलची, तर ती पैसे घेऊन, व्हिसा हवा असलेल्या एका दक्षिण आफ्रिकन जलतरणपटूशी थाटात लग्न करते. चर्चमध्ये व्हीलचेअरवर बसलेल्या ऱ्होंडाच्या चेहऱ्यावर कौतुकाचा लवलेश नसतो. नायिकेला नापास करण्याचा अधिकार सहायक पात्राला क्वचितच मिळतो. ग्रिफिथ्स तो पुरेपूर वापरते. त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटच्या पुरस्कारांत कोलेट सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली, ग्रिफिथ्स सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री. ‘सहायक’ हा शब्द परीक्षकांनी हसू दाबून लिहिला असेल.

शेवटी म्युरिएल पॉरपॉइज स्पिटला येते ती ऱ्होंडाला न्यायला. ऱ्होंडा आईच्या घरी अडकलीय आणि त्याच चार मैत्रिणी जुनं सगळं विसरल्याचा आव आणून, कणव ओतत भेटीला आल्यात. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांशी कसं वागावं याचे काही संकेत आपल्याकडे आहेत: चहा विचारायचा, बिस्किटं पुढे करायची, ते गेल्यावर बोलायचं. ऱ्होंडा त्या चौघींना त्यांच्या तोंडावरच सांगते की त्या काय लायकीच्या आहेत. मग टॅक्सी गावाबाहेर पडताना दोघी खिडकीतून डोकी काढून रस्त्यावरच्या दुकानांना, हॉटेलांना, दिसेल त्याला बेंबीच्या देठापासून ओरडून निरोप देतात, आणि त्यात ऱ्होंडाचा आवाज वरचढ आहे.