माळ्यावरच्या सुरांचा व्यापारी

जुनी वाद्यं घेऊन विकणाऱ्या माणसाची समाजातली जागा ठरलेली आहे: भंगारवाल्याच्या एक पायरी वर आणि गाण्याच्या मास्तरांच्या चार पायऱ्या खाली. त्याला पेटी विकणारा त्याला लुटारू म्हणतो, त्याच्याकडून पेटी घेणारा त्याला ठग म्हणतो, आणि दोघंही हे व्यवहार आटोपल्यावर म्हणतात. आधी म्हटलं तर भाव फिसकटेल. अशा माणसाचं वकीलपत्र सहसा कोणी घेत नाही. पण त्याची बाजू भक्कम आहे. सामान्य घरातली वाद्यं जगवण्याचं काम प्रेमापेक्षा नफ्याने जास्त केलं आहे. हे विधान कानाला बेसूर लागेल, पण पुरावा त्याच्या बाजूने आहे.

हा गृहस्थ पुण्याच्या जुन्या बाजारात सापडतो, मुंबईच्या चोर बाजारात सापडतो. पण तिथे तो गर्दीत हरवतो. त्याचं अस्सल वाण बघायचं तर छावणीचं गाव हवं, आणि त्या दृष्टीने झाशीचा सदर बाजार म्हणजे त्याच्यासाठी घडवलेलं ठिकाण. एका अंगाला लष्कर, दुसऱ्या अंगाला रेल्वेचं विभागीय मुख्यालय. दोन्ही खात्यांतली माणसं गावात येतात तीच पुढच्या बदलीची वाट बघत. बदलीचा हुकूम आला की फ्रिज ट्रकमध्ये चढतो, कूलर चढतो, आणि मुलीची गिटार हातात धरून बाप दारात उभा राहतो. गिटारीवर पहिल्या महिन्याचे ओरखडे असतात, त्यानंतरची धूळ असते. शेजारी कॅसिओ. (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे तो कॅसिओच.) तिसरा झरा जुन्या मराठी घरांचा. नेवाळकरांच्या राजवटीपासून झाशीत मराठी कुटुंबं नांदली. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि मनकर्णिकेचं लग्न लागलं, ते आजही उभं आहे. ग्वाल्हेर शंभर किलोमीटरवर. त्यामुळे अशा एखाद्या घरात कपाटावर मिरजेचा तंबोरा निघाला, तर नवल वाटायला नको. घेणारेही तऱ्हेतऱ्हेचे: गणपतीत जागी होणारी भजनी मंडळं, श्रावणात आल्ह्याची वीरगाथा गाताना ढोलक लागणारे गायक, आणि एरवी मेरठच्या जाली कोठीतून नवं पितळ आणणारे पण यंदा हात आखडता असलेले लग्नाचे बँडवाले. बदली, वारसा आणि उत्सव या तीन गोष्टी एका बाजारात आल्या की मध्ये कोणीतरी उभं राहणारच.

तो घरी येतो तेव्हा वाद्याकडे बघत नाही. चहा घेतो, भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघतो, आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, “कोण वाजवायचं?” त्याच्या धंद्यातला हा सगळ्यात महागडा प्रश्न. “आजोबा” असं उत्तर आलं की भाव बसतो, कारण नातवाला आत काय आहे ते माहीत नसतं. “मी वाजवते” असं आलं की तो सावरून बसतो. मग पेटी पुढे ओढतो, सगळे नॉब आत ढकलतो आणि भाता मारतो. भाता भरून ताठ राहिला पाहिजे. कुठलाही सूर न उघडता तो आपोआप बसायला लागला, तर हवा गळते. हे तो मान हलवत, डॉक्टर छाती तपासतात तशा चेहऱ्याने करतो. “काकू, पेटी चांगली आहे हो. पण भात्यात दम नाही.” दम असला तर पट्ट्या सैल निघतात, पट्ट्या घट्ट असल्या तर खर्जाचे सूर बसलेले निघतात. निर्दोष पेटी त्याच्या आयुष्यात घेताना कधी येत नाही. विकताना रोज येते.

पहिला आक्षेप इथेच येतो: हा खोटं बोलतो. बोलतो, यात वाद नाही. त्याच्या दुकानातल्या प्रत्येक पेटीत जर्मन सूर असतात; नसले तर पॅरिसचे. ते सूर पूर्वी खरंच येत. ती आवक कधीच आटली आणि गुजरातेत पालिताण्याला सूर घडू लागले, तरी सदर बाजारात जर्मन सुरांच्या पेट्या काही कमी होत नाहीत, आणि याचं श्रेय जर्मनीला देता येत नाही. पण जुनेपणाची ही भक्ती त्याने शोधून काढलेली नाही. २०११ साली ‘लेडी ब्लंट’ नावाचं स्ट्रॅडिव्हरी व्हायोलिन सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरला गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, अमेरिकेत इंडियानापोलिसला एकवीस वादकांना काळे चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. जुनं कुठलं हे बहुतेकांना ओळखता आलं नाही, आणि सगळ्यात कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला. हे जाहीर झाल्यावर लिलाव बंद पडले, असं काही झालं नाही. मग आमच्या माणसाने दोन-चार हजारांच्या पेटीला जर्मन आजोळ दिलं, तर गुन्हा लहान म्हणायला हवा. शिवाय त्याचं खोटं तपासता येतं: पेटीचं वरचं झाकण उघडून सुरांवरचा छाप वाचायला कोणी मना केलेलं नाही. गिऱ्हाईक उघडत नाही, कारण त्यालाही जर्मनच हवी असते.

दुसरा आक्षेप विद्वानांचा: याला संगीतातलं काय कळतं? फारसं नाही. प्रत्येक वाद्यावर त्याला एकाच आरतीची पहिली ओळ येते, आणि ती तो सगळ्या वाद्यांवर सारख्याच आत्मविश्वासाने वाजवतो. पण विद्वानांवर वाद्यं सोपवली तर काय होतं, याचाही इतिहास आहे. १९४० साली आकाशवाणीने पेटीला बाहेर काढलं. मींड येत नाही, श्रुती बरोबर नाहीत, ही कारणं होती, आणि शास्त्राने ती चुकीचीही नव्हती. ही बंदी १९७१ पर्यंत चालली. एवढ्या काळात घराघरांतून पेटी हलली नाही. कारण भजनाला, तालमीला आणि शाळेच्या प्रार्थनेला श्रुतींपेक्षा हाताशी असलेला सूर लागतो. आमच्या माणसाला हे कुठल्याही ग्रंथाविना कळतं. पेटीतल्या सुराच्या जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. तबल्याची पुडी दुसऱ्या कोणाकडून चढवून घ्यायची. तंबोऱ्याची जवारी काढायला अजून कोण राहिलं आहे. हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. खोड शिसवीचं असलं तर फाटक्या पुडीच्या तबल्याला तो मोडीत काढत नाही, आणि इथेच भंगारवाल्याची पायरी संपते.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. माणूस गेलेल्या घरात, बदलीच्या घाईत, अडलेल्याकडून तो पडेल भावात घेतो. घेतो, आणि यात त्याची वकिली करताना माझाही आवाज थोडा उतरतो. पण हिशेब पुरता मांडावा. समजा, पेटी दोन हजारांना घेतली, भात्याला आणि सुरांना पंधराशे लागले, आणि ती सहा महिने दुकानात बसून साडेपाच हजारांना गेली. मधले दोन हजार बघून काकू हळहळतात, पण ते सहा महिने कोणी मोजत नाही. आणि न विकलेल्या पेटीचं काय होतं तेही पाहायला हवं. बुंदेलखंडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. सरस सुटतो, भोपळ्याला तडा जातो. मग पाऊस येतो, तारा गंजतात, भात्याचं कातडं कडक होतं, उरलेलं उंदीर बघतात. ‘आजोबांची आठवण’ म्हणून माळ्यावर ठेवलेल्या तंबोऱ्याचा भोपळा एक दिवस हाताला लागताच फुटतो, आणि मग घरातले त्याच्या दांडीला पडदा अडकवतात. व्यापाऱ्याला हे परवडत नाही. त्याचा पैसा अडकलेला असतो, म्हणून तो वाद्य उन्हातून सावलीत आणतो, जमिनीवरून फळीवर ठेवतो, आणि काहीही करून ते वाजवणाऱ्या एखाद्याच्या हातात जाईल हे बघतो. ही माया नाही. पण पेटीला त्याने फरक पडत नाही.

तेव्हा माळ्यावर काही असेल तर ते पावसाआधी खाली काढा, आणि घरात कोणी वाजवणार नसेल तर विका. मात्र तो आला आणि फोटोकडे बघून “कोण वाजवायचं?” असं विचारू लागला, की सांगा, मीच वाजवतो. एवढ्यावर पाचशे तरी वाढतील.