अवयवकाका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक अवयवकाका असतात. बहुधा बँकेतून निवृत्त. तुम्ही मोबाइल नंबर सांगितलात की ते तो लिहून घेत नाहीत, फोडायला घेतात. दहा अंकी संख्या, म्हणजे मेजवानीच! आधी अंकांची बेरीज: 9 ने जात नाही. मग एकाआड एक अंकांच्या बेरजांची वजाबाकी: 11 नेही नाही. "अरे वा!" मग उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटूनपालटून अधिक-उणे, कारण 7 गुणिले 11 गुणिले 13 म्हणजे 1001. इथे मात्र काकांचा चेहरा उतरतो. "तेराने जाते हो तुमची," असं ते रक्ततपासणीचा रिपोर्ट सांगावा तसं सांगतात. नंबर सेव्ह करायचा राहतो तो राहतोच.

लग्नाचं आमंत्रण आलं की काकांची विद्या फळाला येते. "501 चा आहेर? छे! 3 गुणिले 167. नव्या संसारात तिसरा कशाला घुसवता? 1001 चे तर सरळ तीन तुकडे. 101 द्या. मूळसंख्या. फुटायची नाही." काकू आतून विचारतात, "503 पण मूळसंख्याच ना? आणि 1009?" नेमकं तेव्हाच काकांना कमी ऐकू येतं.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर हे त्यांचं दैवत. त्यामुळे वॉचमनच्या रजिस्टरात गाडीच्या 4051 या नंबरापुढे कापरेकरांच्या रीतीनं अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून 5410 उणे 0145 अशी वजाबाकी सुरू होते आणि तेच पुन्हा पुन्हा करत पाच पायऱ्यांत 6174 वर येऊन थांबते. कोण पाहुणा कधी आला ते सापडत नाही, 6174 पानोपानी.

परवाच्या वार्षिक सभेत विषय होता टाकीच्या गळतीचा. काका उठले. "काम कसं करावं ते कोलकडून शिका!" 2 चा 67 वा घात उणे 1, म्हणजे 14,75,73,95,25,89,67,64,12,927. मेर्सेननं 1644 साली ही मूळसंख्या म्हणून सांगितली. 1876 मध्ये ल्यूकानं ती मूळ नाही हे सिद्ध केलं, पण अवयव एकही न सापडता! फुटते हे नक्की. कुठे फुटते ते ठाऊक नाही. (सभेतल्या टाकीचंही तेच होतं, पण हे काकांच्या ध्यानात आलं नाही.) अखेर 1903 मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. एका बाजूला त्यानं ही संख्या काढली, दुसऱ्या बाजूला 19,37,07,721 गुणिले 7,61,83,82,57,287 हा गुणाकार हातानं केला. उत्तरं जुळली, टाळ्या पडल्या. गोष्ट खरोखर सुंदर आहे. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर आणखी आवडली असती.

त्या सभेत कोल एक शब्दही बोलला नाही, असं सांगतात. काका पाऊण तास बोलले. टाकीचा ठराव पुढच्या सभेवर गेला.