सिस्टर, ट्रेनिंगला कोण जातंय?

सरकारी रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचं पत्र सोमवारी निघतं, गुरुवारी दुपारी चारला पोचतं आणि प्रशिक्षण असतं शुक्रवारी सकाळी दहाला. तळाशी ठळक अक्षरांत धमकी असते, ‘गैरहजर राहिल्यास प्रशासकीय कारवाई करण्यात येईल.’ मग मेट्रन मॅडम एकेका वॉर्डाला फोन लावत सुटतात.

‘सिस्टर, ट्रेनिंगला तुमच्याकडून एक नाव द्या.’

‘मॅडम, चाळीस पेशंटना आम्ही दोघी. कुणाला पाठवू?’

‘अहो, जिच्यावाचून अडत नाही अशी एखादी द्या ना.’

अशी एखादी प्रत्येक वॉर्डात असते. तीच जाते. गेल्या वर्षीही तीच गेली होती. संसर्ग नियंत्रण, मृदू कौशल्ये, रुग्णसुरक्षा, ताणतणाव व्यवस्थापन अशा सगळ्या प्रमाणपत्रांनी तिची फाइल फुगलेली असते. ताण तिला कधीच नव्हता. तो तिच्यासोबत ड्युटी लागणाऱ्यांना असतो, पण त्यांना वॉर्ड सोडता येत नाही. रडून लालबुंद झालेल्या बाळाची शीर पहिल्याच टोचणीत धरणारी सिस्टर मात्र निवृत्तीपर्यंत सरकारदरबारी अप्रशिक्षितच राहते.

वॉर्डाची साफसफाई करणाऱ्या मावशी आणि मामांचा तर प्रश्नच नाही. ते एजन्सीचे. यादीत नाव घालायचं म्हटलं की क्लार्क मान हलवतो, ‘ते आपले कर्मचारी नाहीत.’ जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यावं. रुग्णालयानं त्याचा व्यवहारी अर्थ लावला आहे: कचरा मावशींनी हाताळावा, प्रशिक्षण हेडक्लार्कनं घ्यावं. नव्या मावशीला जुनी मावशी जिन्याखाली उभी करून सांगते, ‘पिवळ्यात घाण, लालमध्ये नळ्या, निळ्यात बाटल्या, सुया पांढऱ्या डब्यात, आणि डबा हलवून बघायचा नाही.’ अर्ध्या मिनिटात विषय संपतो. चहा नाही, पेन नाही, सही नाही, त्यामुळे या प्रशिक्षणाची कुठेही नोंद नाही. पण रुग्णालय त्याच्यावरच चालतं.

आता शुक्रवार. विषय, अग्निसुरक्षा. सभागृहात आगप्रतिबंधक प्रशिक्षणाची सुरुवात अर्थातच दीपप्रज्वलनानं होते. समई पडद्याला खेटून ठेवलेली. काडेपेटी सापडत नाही, कारण आवारात धूम्रपानबंदी आहे. शेवटी ती निघते बंदीचा फलक लावणाऱ्या शिपायाच्याच खिशातून. धन्वंतरीच्या तसबिरीला हार, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत आणि अध्यक्षीय भाषण होईपर्यंत साडेअकरा वाजतात. पेनड्राइव्ह लावल्यावर कळतं, की स्लाइडवरचा मराठी फाँट या लॅपटॉपमध्ये नाही. आग लागल्यावर काय करावं ही माहिती पडद्यावर चौकोन, टिंबं आणि प्रश्नचिन्हांत उमटते. वर पाठवायच्या जिओ-टॅग फोटोत अक्षरं वाचता येत नाहीत, हे एक बरं.

प्रात्यक्षिक मागच्या मैदानात. लोखंडी ट्रेमध्ये डिझेल ओतून आग पेटवली जाते. प्रशिक्षक सांगतो, पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. पहिला मान साहेबांचा. साहेब पिन ओढतात, पांढरा लोट उठतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. मग एक सिस्टर पुढे होते. हिला पाठवण्यात मेट्रनची चूक झाली असावी, कारण हिला खरंच शिकायचं असतं. ‘सर, मीही एकदा करून बघू?’ स्टोअरकीपर मध्ये पडतो, ‘ताई, सिलिंडर रिकामा झाला तर रिफिलला निधी कुठून आणायचा? तुम्ही फक्त ॲक्शन करा.’ आणि साठ माणसं रिकाम्या हातांनी हवेतली पिन ओढतात. त्यांच्या वॉर्डातला खरा सिलिंडर मोडक्या व्हीलचेअरच्या मागे असतो. पावडर भरल्याच्या तारखेचं कार्ड त्याच्या गळ्यात असतं, पण भिंतीकडे तोंड करून.

हसण्यावारी नेण्याजोगं आहे खरं. पण ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली, सात बाळं बाहेर काढता आली आणि दहा गेली. आग रात्रीही लागते. रात्री साहेब नसतात, प्रमाणपत्रवाल्याही सहसा नसतात. असतात त्या कंत्राटी सिस्टर, पोरगेल्या डॉक्टर आणि ती मावशी. भंडाऱ्याच्या चौकशीनंतर जे कायम होते त्यांचं निलंबन किंवा बदली झाली, जे कंत्राटी होते त्यांची सेवा संपली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला, त्या दिवशी अकरा रुग्ण दगावले. काही दिवसांत अटक झाली ती एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिकांना. प्रशिक्षणाच्या यादीत ज्यांचा नंबर शेवटचा, त्यांचा जबाबदारीच्या यादीत पहिला.

कायद्यात उणीव म्हणाल तर तीही नाही. राज्याचा आगप्रतिबंधक अधिनियम २००६ चा आहे, आणि आगीची यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. भंडाऱ्यानंतर राज्यभर फायर ऑडिट झालं. ऑडिटवाल्यांनी त्रुटी काढल्या, त्रुटींचे प्रस्ताव गेले, प्रस्तावांवर शेरे आले. सरकारी कागद आगीपेक्षा वेगानं पसरतो, एवढं मात्र त्या निमित्तानं सिद्ध झालं.

बरं, हे सगळं ज्यांनी चालवायचं त्या साहेबांना कोण शिकवतं? उत्तम हर्निया करणारा माणूस सेवाज्येष्ठतेनं वर सरकत जातो आणि एका सकाळी त्याच्या हातातली सुरी काढून सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलचा पासवर्ड दिला जातो. काल आतडं शिवत होता, आज निविदा उघडतो, लिफ्टच्या देखभालीचा करार वाचतो आणि लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना उत्तरं लिहितो. औषधं मागायची तर आधी हाफकिन महामंडळाकडे, मग २०२३ पासून नव्या खरेदी प्राधिकरणाकडे. रुग्णालय प्रशासन हा मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रीतसर शिकवला जाणारा विषय आहे. ती शिकलेली मुलं काचेच्या इमारतींच्या खासगी रुग्णालयांत दिसतात. सिव्हिलमध्ये प्रशासन अनुभवानं शिकायचं असतं, आणि अनुभव येईपर्यंत बदली येते.

साहेबांना प्रत्यक्ष हातानं काही शिकवल्याचं एकच ठळक उदाहरण अलीकडे महाराष्ट्रानं पाहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं. त्यानंतर एक खासदार तिथे पोचले आणि त्यांनी कॅमेऱ्यांसमोर अधिष्ठात्यांच्या हाती ब्रश देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह घासून घेतलं. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला. पण कार्यशाळा म्हणून पाहिलं तर दाद द्यायला हवी: दीपप्रज्वलन नाही, भत्ता नाही, थेट प्रात्यक्षिक. सफाई कामगारांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हा प्रश्न तेवढा अभ्यासक्रमाबाहेरचा ठरला.

शुक्रवारचं प्रशिक्षण चाचणीनं संपतं. आधीची चाचणी आणि नंतरची चाचणी, प्रश्न तेच. नंतरच्या वेळी उत्तरं फळ्यावर असतात, म्हणून गुणांत भरघोस सुधारणा होते, आणि तिचा आलेख वर जातो. चार वाजता प्रमाणपत्रं, गट छायाचित्र, प्रवासभत्त्याचे फॉर्म. सिस्टर वॉर्डात परतते तेव्हा जिला एकटीला टाकून ती गेली होती, ती सकाळपासून जेवलेली नसते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेला घरचं कुणी सिव्हिलमध्ये भरती झालं, तर ‘डॉक्टर कधी येणार’ याच्या आधी तीन गोष्टी बघून घ्या: आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे, त्याच्या कार्डावरची तारीख कुठली, आणि मागच्या दाराच्या कुलपाची किल्ली कुणाकडे. किल्ली बहुधा ब्रदरकडे असते, आणि ब्रदर ट्रेनिंगला गेलेला असतो.