शहाजीराजांच्या फौजेतले राव अंकल

अहो वहिनी, कळलं का? पलीकडच्या राव अंकलना वंशावळीचं वेड लागलंय. मेट्रोची पिवळी लाइन सुरू झाली, लेकीला सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीतून सोडायला जाणं सुटलं, आणि सकाळ मोकळी. मग काय, भिंतीवरून हाक आली, "जरा नेटवर बघून देता का, आम्ही मूळचे कुठले?" आपल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत माणूस भेटला की 'कुठली कंपनी' विचारतात, गाव कोण विचारतो? मी लगेच हो म्हटलं.

त्यांचं आधीच ठरलेलं, की आम्ही शहाजीराजांबरोबर आलो. बंगळूरचं कुठलंही जुनं मराठी घर घ्या, हेच सांगणार. 1638 मध्ये आदिलशाहीच्या रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बंगळूर पडलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं, ते खरंच. पण 1687 मध्ये ते मोगलांनी घेतलं नि नंतर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकलंसुद्धा. म्हणजे जेमतेम पन्नास वर्षं! पुढेही लोक येतच राहिले की, कुणी शिवणकामाला, कुणी नोकरीला. पण शिंप्याचा पणतू व्हायला कुणी तयार नाही, सगळ्यांना सरदारच हवा.

त्यात आडनावाची पंचाईत. घरात नुसतं 'राव'. वर रजनीकांतचा दाखला देतात, तोही इथलाच, शिवाजीराव गायकवाड. म्हटलं, त्याचं गायकवाड तरी टिकलं, तुमचं कुठाय?

अमेरिकेतली फॅमिलीसर्च नावाची संस्था आहे ना, तिनं 1977 पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो काढलेत. तिच्या साइटवर 'राव' टाकलं तर उडुपीपासून आंध्रापर्यंतचे राव भसाभस बाहेर! आणि यांच्या घरचं कुणी हरिद्वारला गेल्याचं घरातल्या अज्जींना, म्हणजे आजींना, आठवत नाही. त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे जावं, तर ते आधी गाव नि आडनाव विचारणार. महाराष्ट्र सरकारनं 'आपले अभिलेख'वर जुने सातबारे, फेरफार चढवलेत, पण तिथेही जिल्हा, तालुका, गाव निवडल्याशिवाय पान हलत नाही.

म्हणून मी नेट बंद केलं आणि अज्जींपाशी जाऊन बसले. त्यांनी माळ्यावरून पितळी परात काढायला लावली. काठावर टिंबाटिंबांनी काहीतरी कोरलेलं, वर काळा थर. चिंच-मीठ लावून घासली, कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली, तशी अक्षरं उमटली. बाईचं नाव, आडनाव आणि शेवटी 'सासवड'! अंकल तर उड्याच मारायला लागले. तेवढ्यात अज्जी शांतपणे म्हणाल्या, "ते माझ्या सासूचं माहेर."

अंकलचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! पुरुषांचं आडनाव दाखल्यांवरून गळून पडलं आणि बाईच्या माहेरचं परातीवर राहिलं. अर्थात मी त्यांना म्हटलं, सोयरीक बहुधा जवळपासच्याच गावांत व्हायची, पुरंदर तालुक्यापासून सुरुवात करू. कुलदैवत जेजुरीचंच, तेही जुळतंय. (परातीवरचं आडनाव कुठलं ते मात्र विचारू नका, अंकलनी अजून भावांना सांगितलेलं नाही.)

तरी काल म्हणतात कसे, "नेटवरच्या वंशवृक्षात सगळ्यात वर 'शहाजीराजांचे सरदार' लिहूनच टाका." साफ नाही म्हटलं. एकदा चढवलं की चारजण तिथून उचलतात, मग वर्षभरात तेच पुरावा म्हणून आपल्याचकडे परत येतं. लेकीची जन्मतारीखही टाकायला निघाले होते, तीही काढायला लावली. जिवंत माणसांचे तपशील कशाला चव्हाट्यावर?

आता अडलंय ते मोडी लिपीपाशी. सासवडकडची जुनी पानं उघडली तर सगळी मोडीत असणार, आणि ती मला ओ की ठो कळत नाही. तुमच्या पुण्याच्या भाचीनं भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केला होता ना? तिचा नंबर द्या बघू. आणि अंकलना सांगू नका हं, नाहीतर ते तिलाही शहाजीराजांपासून सुरुवात करायला लावतील.