‘सोबत कोण आहे?’

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या कायद्याने ‘संवाद’ या संज्ञेत खुणांच्या भाषेलाही स्थान दिले आणि कलम 12 अन्वये दिव्यांग व्यक्तीची साक्ष तिच्या पसंतीच्या भाषेत व माध्यमातून नोंदवण्याची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. या जबाबदारीने प्रशासन भांबावून जाईल, ही अनेकांची भीती मात्र निराधार ठरली, कारण ‘सोबत कोण आहे?’ हे सर्वसमावेशक धोरण खिडकीखिडकीवर आधीपासूनच अमलात होते.

या धोरणानुसार दुभाषी, म्हणजे सांकेतिक भाषा आणि बोलली जाणारी भाषा यांच्यात अर्थ पोहोचवणारी प्रशिक्षित व्यक्ती, हे पद नातेवाइकाकडे वर्ग होते. त्यासाठी ना जाहिरात लागते, ना वेतन, ना गोपनीयतेची शपथ. दवाखान्यात आईच्या गर्भाशयाच्या दुखण्याचे निदान तिला समजावण्याचे काम आठवीतली मुलगी करते, आणि सासरच्या छळाची तक्रार घेऊन आलेल्या कर्णबधिर सुनेच्या खुणांचा अर्थ सासूनेच सांगितल्यास जबाब कमालीचा सुटसुटीत होतो. एकट्याने येण्याचा हट्ट धरणाऱ्यांसाठी ‘लिहून द्या’ हा पोटनियम आहेच. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण असून अनेक कर्णबधिरांसाठी लिखित मराठी ही नंतर शिकलेली भाषा असते, हा तपशील कोऱ्या अर्जावर मावत नसल्याने तो विचारात घेतला जात नाही.

कायद्यानुसार केलेल्या 2017 च्या नियमांनीही हाच समजूतदारपणा दाखवला होता. त्यांतील नियम 15 ने सुगम्यतेचे, म्हणजे सेवा व माहिती सर्वांना वापरता येण्याचे, निकष ठरवले. परंतु ते केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे राहिल्याने मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले आणि बंधनकारक निकष तयार करण्यास तीन महिन्यांची मुदत दिली. ‘करावे’ आणि ‘करावेच लागेल’ यांतील अंतर सात वर्षांचे असू शकते, हे शासकीय कालगणनेला धरूनच आहे.

तरीही कोणी कायदा मोडलाच, तर कलम 89 अन्वये पहिल्या उल्लंघनाला जास्तीत जास्त दहा हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. दुभाष्याला मात्र प्रत्येक कामाचे मानधन द्यावे लागत असल्याने, काटकसरीचा वसा घेतलेल्या कार्यालयाने हिशेब कोणत्या बाजूने मांडावा हे सांगण्यास लेखापालाची गरज नाही. आणि नातेवाईक रजेवर गेल्याची नोंद अद्याप कोणत्याही हजेरीपटावर नसल्याने नवीन पदनिर्मितीचा प्रस्ताव ‘तूर्त आवश्यकता नाही’ या शेऱ्यासह निकाली काढणे प्रशासकीयदृष्ट्या निर्दोषच ठरते.