बूड टेकत नाही, म्हणून काय?

"याचं कशात लक्षच नसतं हो!" चार वर्षांच्या पोरासमोरच आपण पाहुण्यांना हे सांगून मोकळे होतो. परवा एका घरी हे ऐकलं तेव्हा तो मुलगा आजीजवळ उकिडवा बसून मटार सोलत होता. शेंग फुटली की दाणे मोजायचा. एकीत आठ निघाले तसा ओरडला, "आजी, हिच्यात जास्त!" लक्ष होतं. अंकलिपीवर नव्हतं, एवढंच.

घरच्यांची समजूत मुलाच्या आधी शाळेत जाऊन बसते. 'गणित आमच्या घराण्यातच नाही' म्हणणारे आईबाप पोराला जिन्याच्या पायऱ्या मोजायला लावत नाहीत. 'हा चंचलच' म्हणणारे गोष्टीचं पुस्तक दुसऱ्या पानावर मिटतात. मग मूल मागे पडतं आणि समजूत आणखी पक्की होते.

संशोधक ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये सहा दीर्घकालीन अभ्यासांची आकडेवारी तपासली. पुढच्या अभ्यासातल्या प्रगतीशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते शाळेत येतानाच्या अंकांच्या समजेचं. त्याखालोखाल वाचनाची तयारी, मग लक्ष. तेव्हा 'आधी नीट बस, मग शिकवते' हा हट्ट सोडा. रमाणी आणि सीगलर या संशोधकांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांचा साधा सरळ पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत 15-15 मिनिटांच्या चार बैठका झाल्या, आणि अंकांची जाण वाढली. 15 मिनिटं तर चंचल मुलासाठीही तुकड्या-तुकड्यांनी काढता येतात.

अस्वस्थपणा घरीही आणि बालवाडीतही महिनोन्महिने टिकला, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की या वयात आधी आईवडिलांना वागणूक हाताळायचं प्रशिक्षण द्यावं, औषध नंतर. म्हणजे शिकायचं पहिलं पाऊल आपलंच.

असं पाऊल आपल्याकडे कोसबाड गावात उचललं गेलं. तिथली गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांना बोल लावला नाही. शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा.

आपल्या पोराचं कुरण तर घरातच आहे. आज रात्री ताटं मांडायला त्याला हाक मारा. माणसं पाच, ताटं चार. अजून किती हवीत? तो पळत जाऊन एक ताट घेऊन येईल. पळू द्या.